दातांचं इन्स्पेक्शन



आपण इंदूरची माणसं खाण्याबद्दल तासन्‌तास बोलू शकतो. सकाळी पोहे-जिलबी, थंडीत गराडू, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस, रविवारी दाल-बाफले. पण हे सगळं ज्या बत्तीस जणांच्या भरवशावर चालतं, त्यांच्याबद्दल आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येतं: "वय झालं, आता दात जायचेच." माझी आजी हे म्हणायची, आई म्हणायची. गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे जमलेल्या बायकांपैकी निम्म्याजणी हेच म्हणत होत्या आणि तिळगुळाचा लाडू तोंडात धरून विरघळवत होत्या.

मी बी.कॉम., बँकेतला माणूस. स्टेट बँक ऑफ इंदूरमध्ये नोकरी केली. २०१० साली आमची बँक स्टेट बँकेत विलीन झाली, त्याच वर्षी मी निवृत्त झालो. डॉक्टरकीशी माझा संबंध नाही. पण शेवटची काही वर्षं माझ्याकडे शाखांच्या इन्स्पेक्शनचं काम होतं, त्यामुळे कोण काय तपासतंय आणि का तपासतंय हे बघायची सवय लागलेली आहे. गेल्या फेब्रुवारीत मी आणि सौ., दोघांनी दातांची पूर्ण तपासणी करून घेतली. तिथे काय काय होतं, कशासाठी होतं आणि त्यातून आमच्या घरात काय निघालं, ते लिहितो. आपल्यापैकी पुष्कळजण सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, म्हणून जरा सविस्तर.

निमित्त सौ.चं होतं. तिला चौदा वर्षांपासून मधुमेह. खालचे पुढचे दात हलायला लागले होते. तक्रार करायचा तिचा स्वभाव नाही, त्यामुळे घरात ते कळलं उलट्या बाजूनं. आधी पेरू बंद झाला, मग भाकरीचा पापुद्रा, मग पोह्यांवरची सेव. "आता आवडत नाही" असं प्रत्येक वेळी उत्तर. तिची भाची पुण्याला नर्स आहे. ती संक्रांतीला आली होती. तिनं दोन दिवस मावशीचं जेवण पाहिलं आणि निघताना सांगितलं, "मावशी, आवडत नाही असं नाहीये, चावत नाहीये. एकदा पूर्ण तपासणी करून घे. नुसता हलणारा दात दाखवू नकोस, सगळं तोंड दाखव. आणि काकांनाही घेऊन जा."

आम्ही इथल्या एका डेंटल कॉलेजात गेलो. हे एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. डेंटल कॉलेजात नवा रुग्ण गेला की त्याला थेट दात काढायला किंवा भरायला बसवत नाहीत. आधी ओरल मेडिसिन विभागात पाठवतात. तिथे शिकणारी मुलं अख्खं तोंड तपासून केस पेपर लिहितात, मग वरचे डॉक्टर तो पडताळून पाहतात आणि पुढे कुठल्या विभागात जायचं ते ठरतं. वेळ लागतो. आमचे दोघांचे मिळून अडीच तास गेले. पण पेन्शनरांकडे वेळच तर असतो, आणि तपासणीचे पैसेही नाममात्र. चांगल्या खासगी दवाखान्यातही हीच तपासणी होते, फक्त वेळ घेताना "पूर्ण तपासणी करायची आहे" असं आधी सांगावं लागतं.

आता क्रमानं सांगतो.

सुरुवात कागदानं. आमच्याकडे खातं उघडताना केवायसी असायचं, तसंच हे. इंटर्नशिप करणारी एक मुलगी समोर बसली. रक्तदाब, साखर, हृदय, थायरॉइड, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, सगळं विचारलं. मग म्हणाली, "आंटीजी, कोई भी दवाई हो, महीने में एक बार लेती हों या साल में, सब बताइए." सौ.नं पर्समधून चिठ्ठी काढली. तिच्या हाडांच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं होतं, ते पुढच्या आठवड्यात घ्यायचं होतं. दातांचा आणि त्याचा काय संबंध, म्हणून ती ते सांगणारही नव्हती. ते ऐकून मुलीनं पेन थांबवलं आणि त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. या जातीच्या औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. म्हणून काढायचे दात आधी काढून, जखम भरू देऊन, मग इंजेक्शन घ्यायचं असतं. तोंड उघडण्याच्या आधीच तपासणीचा पहिला उपयोग झाला होता.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगायची. "दात काढायचाय" म्हणून आपल्या मनानं ती बंद करायची नाही. ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

मग बाहेरची तपासणी. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे बघितलं. कानाच्या पुढे बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं, कारण जबड्याचा सांधा तिथे असतो आणि त्यात कटकट आवाज येतो का ते कळतं. जबड्याखाली आणि मानेला बोटांनी चाचपून गाठी बघितल्या. नंतर स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते करून दाखवायला सांगितलं.

ही तीन बोटांची गोष्ट मला माहीत होती, आणि माहीत असण्याचं कारण चांगलं नाही. माझा एक मामेभाऊ गुटखा खायचा. आपल्या मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आणली. पण त्याची सवय त्याच्या कितीतरी आधीची. त्याचं तोंड हळूहळू उघडेनासं झालं. पाणीपुरी अख्खी जात नाही म्हणून तो ती फोडून खायचा. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे हे लक्षण आहे असं कुणाला वाटलं नाही. दुखायला लागलं तेव्हा कर्करोग जबड्यापर्यंत गेला होता. चोपन्नाव्या वर्षी तो गेला.

पुढे तोंडाच्या आतली तपासणी, आणि यातही दातांचा नंबर शेवटी लागतो. आधी ओठ आतून उलटवून पाहतात, मग दोन्ही गाल, टाळू, घसा. जीभ कापसाच्या जाळीत धरून डावीकडे-उजवीकडे ओढून तिच्या कडा बघतात, कारण तिथलं आपल्याला आरशात दिसत नाही. जिभेखालची जागाही बघतात. कवळी असेल तर काढून ठेवायला सांगतात, कारण कवळीखालची कातडी बघायची असते.

मग दात. प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कुठला ते सांगतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधून मोजत कितवा ते. म्हणजे ३६ ही खालची डावी सहावी, आपली मोठी दाढ. एक मुलगी नंबर बोलते, दुसरी लिहिते: कुठे कीड, कुठे जुनं सिमेंट, कुठे झीज, कुठला गेलेला. मला तर आमच्या शाखेतल्या लॉकरच्या रजिस्टरची आठवण झाली.

त्यानंतर हिरड्यांची मापं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. एक बारीक, बोथट टोकाची सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत ती अलगद घालून खोली मोजतात. एका दाताभोवती सहा ठिकाणी. सौ.चे सत्तावीस दात होते, म्हणजे १६२ मापं. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ आणि पुढे म्हणजे हिरडी दातापासून सुटायला लागली, फटीत किटण आणि जंतू साठले आणि खालचं हाड झिजतंय. मुलगी आकडे म्हणत होती: "दो, तीन, दो... पाँच, चार, छह." रक्त येतं का तेही लिहीत होती. दोन उपकरणांच्या दांड्यांमध्ये दात धरून किती हलतो तेही बघितलं. सौ.ला थोडं टोचलं, पण सहन न होण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी एक्स-रे. एकेका दाताचे छोटे, आणि दोन्ही जबड्यांचा मिळून एक मोठा, त्याला ओपीजी म्हणतात. मोठ्यासाठी यंत्रात हनुवटी टेकवून उभं राहायचं, आणि ते डोक्याभोवती फिरतं. किरणं थोडी असतात, काही दिवसांत निसर्गातून आपल्याला मिळतात साधारण तेवढी. मात्र चष्मा, कानातलं, गळ्यातलं, कवळी, श्रवणयंत्र सगळं काढावं लागतं. तिथला माणूस म्हणाला, "आंटीजी, मंगलसूत्र भी." सौ. थबकली. ऑपरेशनच्या वेळी एकदा काढलं होतं, त्यानंतर नाही. मग तिनं ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "मुठीत धरा, खिशात नको." ती बाहेर येईपर्यंत मी तसाच उभा होतो. आपल्या बायकांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं, ऐन वेळी जीव खालीवर होतो.

नंतर माझी पाळी. मी खरं म्हणजे सोबत म्हणून गेलो होतो, मला काही दुखत-खुपत नव्हतं. मुलीनं सवयीचे प्रश्न विचारले. तंबाखू? नाही. सिगारेट? नाही. सुपारी? माझ्या आधी सौ.च बोलली, "जेवणानंतर अर्धी. पन्नास वर्षं." आमच्याकडे आईचा पितळी पानाचा डबा आहे, अडकित्त्यासकट. दुपारी जेवून उठलं की त्यातली सुपारी कातरायची हा घरातला जुना रिवाज. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात नोंदवलेलं आहे. हे मला त्या दिवशी कळलं.

डावा गाल बघताना ती मुलगी बोलायची थांबली. जाळीनं तो भाग पुसला, पुन्हा बघितलं, आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी बोटानं चाचपून सांगितलं की गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, नखाएवढा, आणि पुसून जात नाही. त्याच्यासमोर ३६ नंबरच्या दाढेचा कोपरा तुटून धारदार झालेला आहे. चट्टा त्या घासण्यानं झालेला असू शकतो, सुपारीनं असू शकतो, किंवा त्याच्या पुढचंही काही असू शकतं. नुसतं बघून सांगता येत नाही. त्यांनी दाढेची धार तिथेच घासून गुळगुळीत केली, सुपारी त्या दिवसापासून बंद सांगितली आणि चौदा दिवसांनी बोलावलं. कारण काढून टाकल्यावर दोन आठवड्यांत जे बरं होत नाही, त्याचा तुकडा काढून तपासायलाच हवा, असा त्यांचा नियम.

बँकेतल्या मंडळींना सस्पेन्स खातं माहीत असेल. एखादी रक्कम येते, ती कुठल्या खात्यातली ते कळत नाही, तेव्हा ती तात्पुरती तिथे टाकतात. इन्स्पेक्शनला गेलो की मी पहिलं तेच रजिस्टर मागायचो. नोंद सस्पेन्समध्ये टाकणं गैर नाही. पण किती दिवसांत तिचा निकाल लावायचा याची मुदत असते, आणि ती मुदत ओलांडून शांतपणे पडून राहिलेल्या नोंदीतच पुढची भानगड असते. तोंडातला बरा न होणारा चट्टा किंवा फोड तसाच. घाबरायचं नाही, पण दोन आठवड्यांच्या पुढे पडू द्यायचा नाही.

ते चौदा दिवस लांब होते. मुलाला बंगलोरला कळवलं नाही. सौ.नं पानाचा डबा घासून पुसून माळ्यावर ठेवला आणि ताटाशेजारी बडीशेपेची वाटी आली. रोज सकाळी दात घासून झाले की ती मोबाईलचा टॉर्च लावून माझा गाल बघायची. काही बोलायची नाही. मामेभावाचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. सानंदचं नाटक होतं, ते मात्र आम्ही पाहून आलो. घरात बसून करायचं काय.

चौदाव्या दिवशी चट्टा अर्ध्याहून कमी झाला होता, पण मागचा भाग होता तसाच. मग बायोप्सी. नावाला जेवढी भीती वाटते तेवढं ते नाही. गाल बधिर करून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा काढतात, दोन टाके घालतात. त्या दिवशी थंड आणि मऊ खायचं. रिपोर्ट आठ दिवसांनी आला. कर्करोग नाही. मात्र पेशींमध्ये सौम्य प्रमाणात बदल दिसतात, म्हणजे वाट तिकडची आहे पण पाऊल पहिलंच आहे. उरलेला चट्टा काढून टाकला. सुपारी कायमची बंद, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. आत्तापर्यंत चार झाल्या, चारही स्वच्छ. खातं बंद झालेलं नाही, देखरेखीखाली आहे, असं मी धरून चालतो.

सौ.चं सांगायचं राहिलं. तिचा एक्स-रे पडद्यावर लावून मॅडमनी पेनानं हाडाची रेघ दाखवली, कुठे वर आहे, कुठे खाली गेली आहे. म्हणाल्या, "उम्र से दाँत नहीं गिरते आंटीजी, बीमारी से गिरते हैं. और ये बीमारी रुक सकती है." साखर ताब्यात नसली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर ताब्यात ठेवणं अवघड होतं, असं हे दुहेरी असतं. सत्तावीसपैकी एकच दाढ काढावी लागणार होती. हिरड्यांच्या आतली खोल सफाई चार बैठकांत झाली. खालचे हलणारे दात मागून बारीक पट्टीनं एकमेकांना बांधून घेतले. हाडांचं इंजेक्शन दाढेची जखम भरल्यावर दोन महिन्यांनी घेतलं. गेलेलं हाड काही परत आलं नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा मापं घेतली तेव्हा बरेच पाच-सहा होते तिथे तीन-चार आले होते. पेरू अजून ती कापून, बिया काढूनच खाते. पोह्यांवर सेव मात्र परत आली आहे, आणि जिरावणाची डबीही.

या सगळ्यातून मला जे कळलं ते एवढंच. दुखतंय म्हणून जातो तेव्हा आपण तक्रार घेऊन जातो, आणि डॉक्टर तेवढीच तक्रार मिटवतात. पूर्ण तपासणी त्याच्यासाठी असते जे दुखत नाही. हिरड्यांचं हाड वर्षानुवर्षं न दुखता जातं. पांढरा चट्टा दुखत नाही. "वय झालं" या वाक्यानं हे सगळं एका खात्यात टाकलं जातं आणि कुणी उघडून बघत नाही. आपल्या घरांतल्या बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच होतं, कारण त्या पदार्थ सोडतात, पण कारण सांगत नाहीत. ताटातून काय काय कमी झालं तिकडे घरातल्यांनीच लक्ष ठेवायचं.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं:

१. सगळ्या औषधांची यादी न्या, वर्षातून एकदाच्या इंजेक्शनसकट. साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट असेल तर तोही.

२. मधुमेह असेल तर नाश्ता आणि गोळी वेळेवर घेऊन जा. उपाशी जायची गरज नाही.

३. जुने एक्स-रे आणि कवळी बरोबर न्या, ती वापरत नसलात तरी.

४. तंबाखू, सुपारी, मिसरी, काय असेल ते खरं सांगा. ते विचारणारा तुम्हाला रागवायला बसलेला नसतो.

५. हिरड्यांची मापं घेतली का, जीभ आणि गाल बघितले का, हे विचारायला लाजू नका.

६. उपचारांची यादी लिहून मागा, क्रमानं: आधी काय, मग काय, खर्च किती, आणि अमुक एक केलं नाही तर काय होईल. चांगले डॉक्टर हे आनंदानं सांगतात. घरी येऊन विचार करा, त्याच खुर्चीत बसून हो म्हणायलाच हवं असं नाही.

७. पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच उठा.

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधोपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे असाल तिथलं डेंटल कॉलेज किंवा चांगला दवाखाना कुठला, हे खाली लिहिलंत तर इतरांना उपयोग होईल. आणि घरात मोबाईल न बघणारं कुणी ज्येष्ठ असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.